जुना संगणक आणि नवी कणगी

श्रोतेहो, कर्जत सोडून आगगाडी बोरघाट चढू लागली की तिला मागून रेटा द्यायला जादा इंजिने लागतात, हे मावळातल्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. चढच तसा आहे. सर्वांत कठीण जागी दर ३७ फुटांना १ फूट. हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. डोंगर असा अंगावर आलेला की खंडाळ्याच्या अलीकडे गाडीला वळण घ्यायलाही जागा मिळेना. म्हणून त्या वेळच्या इंजिनिअरांनी एक युक्ती केली. गाडी एका टोकापर्यंत न्यायची, तिथे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि मग उलट तोंडाने वरची वाट धरायची. त्या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. साठाहून अधिक वर्षे ही कसरत चालली. १९२९ च्या सुमारास नवे बोगदे पाडून वाट सुधारली, आणि त्याच सुमारास घाटावर विजेच्या तारा आल्या.

त्या तारांतली वीज १५०० व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी होती. पुढे १९५७ साली आपल्या रेल्वेने नव्या कामांसाठी २५ हजार व्होल्टची, दिशा पालटणारी वीज स्वीकारली. झाले! एकाच देशात दोन प्रकारच्या तारा. इगतपुरीच्या अलीकडे एक वीज, पलीकडे दुसरी. अलीकडचे इंजिन पलीकडे चालेना, पलीकडचे अलीकडे चालेना. इंजिनाच्या अंगात बळ होते, पण वरच्या तारेतली वीज कशी घ्यायची हे त्याला ठाऊक नव्हते. मग १९९० नंतरच्या दशकात भेल कारखान्याने डब्ल्यूसीएएम-३ नावाची इंजिने बांधली. त्यांना दोन्ही विजा चालत. पुढे मुंबई विभागातल्या जुन्या तारा टप्प्याटप्प्याने बदलल्या, ते काम २०१६ सालापर्यंत पुरे झाले. तेव्हा केवळ जुनी वीज जाणणारी इंजिने बाजूला पडली आणि दोन्ही जाणणारी चालत राहिली.

आता आपण म्हणाल, आज विषय संगणकाचा आणि हे गृहस्थ आगगाडीत का बसले? त्याला कारण आहे. जे घाटात घडले तेच आज आपल्या शाळांच्या संगणकखोलीत घडत आहे. यंत्र धड आहे, चालायला राजी आहे, पण नवी वस्तू समोर आली की तिची भाषा त्याला कळत नाही. मग आपण काय करतो? यंत्र म्हातारे झाले असे म्हणून त्याला अडगळीत टाकतो. ते खरोखर म्हातारे झाले आहे, की केवळ त्याला एक गोष्ट कोणी शिकवलेली नाही, हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही. आज मला सांगायचे आहे ते एवढेच.

प्रथम अडचण नीट समजून घेऊ. समजा, एखाद्या शाळेत २०१२ सालच्या सुमाराचा संगणक आहे. त्याच्या पोटात माहिती साठवणारी हार्ड डिस्क आहे. ती म्हणजे फिरणारी तबकडी. तबकडी फिरणार, सुई पुढेमागे सरकणार, तेव्हा कुठे एकेक गोष्ट सापडणार. बटण दाबून मास्तरांनी वर्गाची हजेरी घेतली तरी पडद्यावर अजून चक्रच फिरत असते. आता बाजारात एसएसडी नावाची साठवण आली आहे. तिच्यात फिरणारे काही नाही. सगळे चिपमध्ये. मागाल ती गोष्ट तत्काळ हजर. तिच्यातही दोन जाती आहेत. एक, जुन्या हार्ड डिस्कच्याच साटा वायरीवर चालणारी. दुसरी, एनव्हीएमई नावाची, च्युइंगगमच्या पट्टीएवढी, तिच्याहून कितीतरी वेगवान. ही दुसरी पट्टी एका साध्या कार्डावर बसवून आपण जुन्या संगणकात घातली, तर गंमत पाहा. संगणक सुरू होतो, पंखा फिरतो, आणि पडद्यावर उत्तर येते की, सुरू करण्याजोगे काही सापडले नाही. पट्टी आहे, तिच्यात सर्व काही आहे, पण यंत्राला ती दिसतच नाही.

असे का व्हावे? त्यासाठी संगणक जागा कसा होतो ते पाहिले पाहिजे. शेतकऱ्याच्या घरचे उदाहरण घेऊ. पहाटे सर्वांच्या आधी घरचा गडी उठतो. दिवा लावतो, गोठ्यात डोकावतो, जनावरे जागच्या जागी आहेत ना ते बघतो. मग कणगीचे तोंड उघडून दिवसाचे धान्य काढतो. त्यानंतर घर कामाला लागते. संगणकातला हा गडी म्हणजे मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये कायमचा लिहून ठेवलेला कार्यक्रम. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या यंत्रांत त्याचे नाव बायोस. वीज आली की पहिला तो उठतो, स्मृती तपासतो, कळफलक तपासतो आणि मग साठवणीतून विंडोज किंवा लिनक्स यांसारखी मुख्य प्रणाली बाहेर काढून कारभार तिच्या हाती देतो. आता घरात नव्या धर्तीची कणगी आणून ठेवली आणि तिचे तोंड कुठे, ते उघडायचे कसे, हे गड्याला सांगितलेच नाही, तर घर उपाशी राहील. दोष कणगीचा नाही, गड्याच्या अंगातल्या बळाचाही नाही.

ही अडचण आजचीच आहे असे मात्र समजू नका. तिचा इतिहास संगणकाएवढाच जुना आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे.

आरंभीच्या लहान संगणकांत असा गडीच नव्हता. १९७५ साली अमेरिकेत अल्टेअर ८८०० नावाचे यंत्र निघाले. त्याच्या दर्शनी भागावर बटणांची रांग होती. यंत्र सुरू करायचे म्हणजे माणसाने ती बटणे एका विशिष्ट क्रमाने खाली-वर करून पहिल्या सूचना हातांनी भरायच्या. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. बुटाच्या मागे ओढायला जो बंद असतो, तो धरून माणसाने स्वतःलाच उचलावे, अशी इंग्रजीत एक थट्टेची म्हण आहे. यंत्राने स्वतःच स्वतःला जागे करायचे, म्हणून या क्रियेला त्या म्हणीवरून बूट हे नाव पडले. त्याच सुमारास गॅरी किल्डॉल या अमेरिकन संशोधकाने एक शहाणपणाची वाटणी केली. यंत्रायंत्रागणिक जे बदलते तेवढेच एका बाजूला काढायचे आणि बाकीचा मोठा भाग सर्वत्र तोच ठेवायचा. त्या बदलत्या भागाला त्याने बायोस म्हटले. नाव तेव्हापासूनचे आहे.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीचा पीसी बाजारात आला. आजच्या टेबलावरच्या संगणकांचा हा मूळ पुरुष. त्याच्या बायोसला फ्लॉपी माहीत होती, कॅसेट माहीत होती. हार्ड डिस्क माहीत नव्हती. दुसऱ्याच वर्षी हार्ड डिस्क घेण्याची वेळ आली, तेव्हा अगदी आजचाच प्रश्न उभा राहिला. आयबीएमने काय केले? २७ ऑक्टोबर १९८२ ही तारीख असलेल्या नव्या बायोसमध्ये एक छोटी सोय घातली. ती अशी की, यंत्र जागे होताना गड्याने खाचांत बसवलेल्या कार्डांकडेही पाहावे. एखाद्या कार्डाने आपल्या सूचना स्वतःबरोबर आणल्या असतील, तर त्या वाचून घ्याव्यात. मग हार्ड डिस्कचे कार्ड स्वतःच येऊन सांगू लागले, मला असे उघडा. ज्यांची यंत्रे आधीची होती त्यांनी मदरबोर्डवरची ती एक चिप बदलून घेतली आणि तोच जुना पीसी हार्ड डिस्कवरून सुरू होऊ लागला. जुन्या मदरबोर्डला नवी साठवण शिकवण्याचा हा उद्योग चार दशकांहून जुना आहे, आणि तो प्रथम खुद्द बनवणाऱ्यांनीच केला, हे ध्यानात ठेवा.

आपल्या देशात शाळांमध्ये संगणक आला तो १९८४ साली, क्लास नावाच्या सरकारी योजनेतून. निवडक शाळांना बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे मिळाली. त्या यंत्राची रचनाही मोठी मजेची होती. झाकण उघडले की आत चिपसाठी मोकळ्या जागा ठेवलेल्या. फ्लॉपी हवी असेल तर तिच्या जोडणीचे भाग आणि फ्लॉपीची रीत सांगणारी चिप त्यांत बसवायची. यंत्र शिकत जाणार हे बनवणाऱ्याने आधीच गृहीत धरले होते.

आणि आपल्या पुण्यातली गोष्ट तर अधिक जवळची आहे. त्या काळचा पीसी मराठी जाणत नव्हता. पडद्यावर रोमन अक्षरे तेवढी उमटत. देवनागरी संगणकाचे काम १९८३ च्या सुमारास कानपूरच्या आयआयटीत झाले होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि मोहन तांबे व त्यांचे सहकारी यांनी ते काम इथे पुढे नेले. त्यातून जिस्ट कार्ड नावाची वस्तू सर्वत्र गेली. हे कार्ड पीसीच्या खाचेत बसवले की तोच इंग्रजी पीसी देवनागरी लिहू लागे. आतला हिशेबाचा किंवा पत्रे लिहिण्याचा कार्यक्रम बदलावा लागत नसे. त्याला वाटे आपण नेहमीसारखी अक्षरे पाठवीत आहोत. कार्ड मधल्या मध्ये ती ओळखून पडद्यावर मराठी उमटवी. भारतीय लिप्यांच्या या सांकेतिक क्रमांकांना १९९१ साली सरकारी मानकाचा दर्जा मिळाला. सांगायचा मुद्दा हा की, यंत्र मोडीत काढून मराठी जाणणारे दुसरे यंत्र येईपर्यंत आपले लोक थांबले नाहीत. त्यांनी मध्ये एक दुभाषा बसवला.

आता शिक्षक मित्रांसाठी एक हिशेब सांगतो, वर्गात फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्याला नव्या हार्ड डिस्क मोठ्या होऊ लागल्या आणि एकाएकी लोकांच्या लक्षात आले की, जुना संगणक सुमारे ५२ कोटी ८४ लाख अक्षरांच्या पुढची जागा मोजतच नाही. का? जागा मोजायची तीन मापे होती. बायोसला पहिल्या मापात १०२४ पर्यंतच मोजता येई, पण दुसऱ्या मापात २५६ पर्यंत. डिस्कला पहिल्या मापात पुष्कळ मोजता येई, पण दुसऱ्यात १६ पर्यंतच. दोघांना एकमेकांशी बोलायचे, म्हणजे प्रत्येक मापात जो लहान तोच खरा. तेव्हा १०२४ गुणिले १६, गुणिले ६३, गुणिले ५१२. गुणाकार करून पाहा, ५२,८४,८२,३०४ येतात. दार उंच पण अरुंद, गाडी रुंद पण बुटकी. मग दारातून जाणारा माल दोहोंतल्या उणिवांनी ठरतो, तसे हे झाले. यावर उपाय दोन निघाले. एक, बायोसमध्ये मापे बदलून सांगणारी सोय घालणे. दुसरा, डिस्कच्या अगदी पहिल्या जागेवर एक छोटा कार्यक्रम ठेवणे. तो आधी उठे आणि गड्याच्या कानात खरी मापे सांगे. यंत्र तेच, डिस्क तीच, मध्ये चार ओळींचा समजूतदारपणा.

यानंतर गडीच बदलला. इंटेल कंपनीने बायोसच्या जागी नव्या धर्तीचे फर्मवेअर आणले आणि २००५ पासून अनेक कंपन्यांच्या मंडळाने ते यूईएफआय या नावाने पुढे चालवले. जुना बायोस म्हणजे एकसंध गाठोडे. यूईएफआय म्हणजे कप्प्यांची पेटी. स्मृतीचा कप्पा वेगळा, पडद्याचा वेगळा, डिस्कचा वेगळा. प्रत्येक कप्प्यात त्या त्या वस्तूशी बोलणारा एक छोटा कार्यक्रम. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपल्या आजच्या गोष्टीची किल्ली या कप्प्यांत आहे.

एनव्हीएमईचे नियम पहिल्यांदा २०११ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या रीतीत संगणक आणि साठवण यांच्यात एकच रांग असे आणि तीत एका वेळी ३२ कामे उभी राहत. लोणावळा स्टेशनवर रविवारी तिकिटाची एकच खिडकी उघडी असली म्हणजे काय होते, ते आपण जाणताच. नव्या रीतीत ६५ हजारांवर रांगांची मुभा आहे आणि प्रत्येक रांगेत ६५ हजारांवर कामे. चिपच्या साठवणीला हे झेपते, कारण तिच्यात सुई सरकायची नसते. लिनक्सने २०१२ साली ही रीत आपल्या गाभ्यात घेतली. पण मदरबोर्डांच्या फर्मवेअरमध्ये तिचा ड्रायव्हर सरसकट येऊ लागला तो २०१४ च्या सुमारास. म्हणजे २०११ ते २०१३ या काळातले संगणक मध्येच अडकले. त्यांच्याकडे कप्प्यांची पेटी आहे, पण हा एक कप्पा रिकामा.

तो भरता येतो का? येतो, आणि जगभर हौशी माणसांनी तो भरला आहे. रीत थोडक्यात अशी. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने त्या नेमक्या बोर्डासाठी दिलेली फर्मवेअरची फाइल घ्यायची. यूईएफआयटूल यासारख्या साधनाने ती उघडली की कप्पे दिसतात. त्यांत एनव्हीएमईचा ड्रायव्हर जोडायचा. हा ड्रायव्हर गुप्त नाही. यूईएफआयची मूळ बांधणी खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहे आणि तीत तो आहेच. चिपची एकूण जागा ८० लाख किंवा १ कोटी ६० लाख अक्षरांची धरली, तर हा ड्रायव्हर काही हजार अक्षरांचा. पोत्यात मूठभर. बदललेली फाइल चिपवर लिहिली, साठवणीवरची वाटणी जीपीटी या नव्या पद्धतीने केली, की बारा-तेरा वर्षांचा संगणक नव्या पट्टीवरून उठतो.

हे वाटते तितके निर्धोक मात्र नाही, आणि इथे मला शब्द राखून बोलता येणार नाही. या चिपवर लिहिताना मध्येच वीज गेली तर गड्याची अर्धीच वही लिहिली जाते. मग तो उठतच नाही, आणि तो उठला नाही तर त्याला दुरुस्त करायला आतले दुसरे कोणी जागे नसते. मावळात आषाढाच्या झडीत वीज किती वेळा जाते, ते आपल्याला सांगायला नको. म्हणून हे काम पावसाळी दिवशी करू नये, आणि बॅटरीचा आधार असल्याशिवाय तर कधीच करू नये. या चिपचे महत्त्व जगाला एकदा चांगलेच कळले आहे. १९९९ सालच्या २६ एप्रिलला सीआयएच नावाच्या घातक कार्यक्रमाने अनेक देशांतल्या संगणकांचे बायोस पुसून टाकले. यंत्रांत मोडले काहीच नव्हते, तरी ती मुकी होऊन बसली.

तेव्हा पथ्ये सांगतो. पहिले, चिपवर आज जे आहे त्याची नक्कल आधी काढावी, तीही दोनदा, आणि दोन्ही नकला अक्षर न् अक्षर जुळतात का ते पाहावे. त्या नकलेत केवळ कार्यक्रम नसतो. त्या यंत्राचा अनुक्रमांक, जाळ्यावरचा पत्ता अशा त्याच्या एकट्याच्या खुणाही असतात. दुसरे, फाइल त्याच बोर्डाची हवी. भावाचा अंगरखा अंगाला येईल, फर्मवेअर येणार नाही. तिसरे, चिपला चिमटा लावून बाहेरून लिहिणारे छोटे यंत्र मिळते. ते जवळ असावे, म्हणजे बिघडले तरी जुनी नक्कल परत घालता येते. मात्र काही चिप ३.३ व्होल्टच्या तर काही १.८ व्होल्टच्या असतात. चुकीचा दाब दिला तर चिप जळेल. चौथे, सर्व खोलीच्या संगणकांवर एकदम प्रयोग करू नये. एक यंत्र घ्यावे, ते महिनाभर नीट चालले की मग दुसऱ्याला हात लावावा. आणि काही कंपन्या २०१३ नंतरच्या यंत्रांत अशी कुलपे घालतात की, सही नसलेले फर्मवेअर यंत्र घेतच नाही. तिथे हट्ट धरू नये.

शिवाय याहून सोप्या वाटाही आहेत, आणि शहाणा माणूस घाट चढण्यापूर्वी पायवाट आहे का ते विचारतो. सर्वांत सोपी वाट साटा जातीच्या एसएसडीची. तिच्यासाठी फर्मवेअरला हातही लावावा लागत नाही. जुना गडी तिला हार्ड डिस्कच समजतो. शाळेच्या नेहमीच्या कामाला, म्हणजे लिहिणे, वाचणे, चित्रफीत दाखवणे यांना, ती पुरेशी आहे. दुसरी वाट पेन ड्राइव्हची. जागे करण्यापुरता भाग पेन ड्राइव्हवर किंवा जुन्या डिस्कवर ठेवायचा आणि बाकी सर्व नव्या पट्टीवर. लिनक्सला हे सहज जमते. ज्या यंत्रांत अजून जुना बायोसच आहे, कप्प्यांची पेटी नाही, त्यांना तर हीच वाट बरी. काही पट्ट्या स्वतःच सूचना घेऊन येतात. २०१५ सालच्या सॅमसंगच्या ९५० प्रो या पट्टीत अशी सोय होती. म्हणजे १९८२ सालची ती युक्तीच ३३ वर्षांनी पुन्हा कामी आली.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? नवे यंत्र घ्यावे. ज्यांना घेता येते त्यांनी जरूर घ्यावे. पण प्रश्न एका यंत्राचा नाही. विंडोज १० या प्रणालीची नेहमीची सांभाळणी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तिच्या जागी आलेली विंडोज ११ ही जुन्या प्रोसेसरांना घेत नाही; आणखी एक सुरक्षा चिपही तिला हवी असते. तेव्हा धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे एका तारखेने जुनी ठरली. ती काल चालत होती, आजही चालतात. मोठ्या शहरातल्या कचेरीला याचे फारसे वाटणार नाही. पण डोंगराच्या कुशीतल्या, पवनेच्या किंवा इंद्रायणीच्या खोऱ्यातल्या एखाद्या शाळेत देणगीतून आलेले पाच-सात संगणक असतात, ते गेले तर पुढची देणगी कधी येईल याचा नेम नसतो. तोवर मुलांच्या हातात कळफलक येत नाही. पोरगे दहावी होऊन जाते आणि संगणक त्याने काचेआडूनच पाहिलेला असतो. खरे नुकसान हे आहे.

आणखी एक नुकसान आहे, ते डोळ्यांना लवकर दिसत नाही. टाकलेला संगणक म्हणजे शिसे, तांबे, प्लॅस्टिक. तो उकिरड्यावर जाळला तर विष हवेत आणि पाण्यात जाते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तेव्हा यंत्र खरोखरच संपले असेल तर ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे, भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. परंतु संपलेले नसेल तर आधी त्याला उठवून पाहावे.

शिक्षकांनो, अशा यंत्रापुढे उभे राहिलात तर तीन प्रश्न विचारा. हे यंत्र मोडले आहे का? मोडले नसेल तर नेमके काय त्याला कळत नाही? आणि ते कळवणारा दुभाषा कोणता, आणि त्यातला सर्वांत सोपा कोणता? हे तीन प्रश्न आठवी-नववीच्या मुलांसमोर मोठ्याने विचारा. एका निकामी ठरलेल्या संगणकाचे झाकण त्यांच्यादेखत उघडा, ती छोटी चिप त्यांना दाखवा, ५२ कोटींचा तो गुणाकार त्यांच्याकडून करून घ्या. यंत्र कदाचित उठेल, कदाचित उठणार नाही. पण बटणाच्या पाठीमागे काही जादू नसून कोणीतरी लिहिलेल्या सूचना आहेत, आणि त्या माणसाला वाचता येतात, बदलता येतात, हे मुलांना एकदा कळले म्हणजे ते ज्ञान कोणत्याही तारखेने जुने होत नाही.